अर्नाळ्याच्या काकांचं शू-शूचं इंग्रजी

शूला इंग्रजीत जेवढे म्हणून लाडाचे शब्द आहेत, तेवढे सगळे तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या विरारमध्ये एकच, आणि त्याला इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येत नाही. हे आमच्या शेजारचे काका. जन्म अर्नाळ्याचा, उभी हयात मासेमारीच्या बोटीवर गेली, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर नाइलाजाने नांगर टाकून बसलेत. मी शाळेत इंग्रजी शिकवते, हा माझा गुन्हा.

एके सकाळी ते ताज्या बांगडे मासळीची पिशवी घेऊन दारात उभे. "बाय, पोरांना शू लागली तर इंग्लिशमध्ये काय बोलतात?" लेक मेलबर्नहून नातवाला घेऊन येणार होती. मागच्या खेपेला तो काकांच्या मांडीवर बसून काहीतरी सांगत राहिला, काका कौतुकाने मान डोलवत राहिले, आणि शेवटी दोघांचेही कपडे भिजले. पोरगं एवढं लाजलं की परत जाईपर्यंत आजोबांकडे फिरकलं नाही. "आता नाय आला जवळ तर मंग कधी? माझं वय काय मागं जातंय?" काका म्हणाले.

मी 'पी' सांगितलं. काकांना पटेना. "आमच्यात वाऱ्याला किती नावं, पान्याला किती नावं, आनि इंग्रजांकडे याला येकच?" मग मी आठवून आठवून 'वी-वी', 'पी-पी', 'टिंकल', 'नंबर वन' असा सगळा माल काढून दिला. काकांचा उठता-बसता सराव सुरू झाला. लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी प्रेमाने "वी-वी?" विचारलं, ते गृहस्थ बरेच दिवस जिन्याने जात होते. 'टिंकल' त्यांनी "ह्यात दम नाय" म्हणून नापास केला होता, पण ऐन वेळी पोरगं नेमकं तेच बोललं तर, या भीतीने पुन्हा पास केला.

नातू आला आणि आईच्या मागे लपला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडेच बसले होते. पोरगं हॉलमध्ये पाय आवळून उभं असलेलं काकांना दिसलं. काका धावले, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, आणि एकेक शब्द विचारायचा सोडून घाईघाईत सगळे एका दमात म्हणून मोकळे झाले, आरती म्हणावी तसे. पोरगं आधी बघतच राहिलं. मग खुदकन हसलं, मग खदाखदा, आणि हसता हसता उभ्याउभ्याच सगळं सोडून दिलं.

काकांचा चेहरा पार उतरला. एवढी मेहनत, आणि पुन्हा तेच. मलाच रडू येईलसं वाटलं. पण पोरगं ना लाजलं, ना आईकडे पळालं. ओल्या चड्डीनिशी काकांच्या गळ्यात पडून ओरडलं, "अगेन!"

काकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "हा कुठला शब्द, बाय?"

"अजून एकदा म्हणा म्हणतोय."

सुट्टीभर ते 'अजून एकदा' चालूच राहिलं. परवा त्यांची गाडी विमानतळाकडे निघाली, तेव्हा पोरगं काचेला नाक लावून आजोबांकडेच बघत होतं. गाडी दिसेनाशी झाल्यावरही काकांचा हात हलतच होता. मग डोळे पुसून ते मला म्हणाले, "पुढच्या खेपेला मोठा झाला असंल गं. मोठी पोरं काय बोलतात?"