प्रज्ञाताई शिरसाठ आणि बेलखेड्याच्या वाटा

प्रज्ञाताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते धुळ्याच्या एसटी स्टँडवर. त्या जळगावहून आल्या होत्या, मी दोंडाईच्याहून. गाडी बदलून दोघांनाही पुढे एकाच कॉलेजच्या गावी जायचे होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षे होती. दोघांच्याही खांद्याला ड्रॉइंग बोर्ड आणि हातात टी-स्क्वेअर, त्यामुळे कोण कुठे चालले आहे हे विचारावे लागले नाही. कंडक्टरने ती लाकडी अवजारे पाहून विचारले, "हे औत कुठं ठेवणार?" मी ओशाळलो. प्रज्ञाताई म्हणाल्या, "याने घरांचे नकाशे काढतात, भाऊ. मांडीवर धरून बसू, कुणाची जागा अडवणार नाही." आणि रात्रभर त्यांनी तो बोर्ड खरोखरच मांडीवर धरला.

त्यांचे वडील जळगावला टपाल खात्यात होते, घर तिथेच मेहरूण भागात. आमचा दोंडाईच्यात मिरचीचा व्यापार. घराणे मूळचे राजस्थानातले, पण चार पिढ्या इथेच गेल्या. वास्तुकलेच्या त्या वर्गात खानदेशातले आम्ही दोघेच होतो. तेव्हा आम्ही एकमेकांना अरे-तुरे करीत असू. पुढे त्या माझ्या मुलांच्या ताई झाल्या, आणि मुलांच्या तोंडून तो शब्द माझ्याही तोंडी बसला. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा त्यांनी तीन आठवडे प्रत्येक तासाला वहीत कार्बन घालून टिपणे काढली आणि गावी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत तब्येतीची चौकशी एका ओळीत असे, आणि उरलेल्या दहा ओळींत माझ्या जिन्याच्या ड्रॉइंगमधल्या चुका.

त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांच्या अध्यापनाविषयी, जळगावातल्या वस्त्यांच्या कामाविषयी लिहितीलच. मला बेलखेड्याविषयी लिहायचे आहे. ही गोष्ट आजवर मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

शेवटच्या वर्षी वास्तुकला आणि नगररचना या दोन्ही विषयांचा मिळून एक प्रकल्प करायचा होता. आम्ही दोघांनी मिळून बेलखेडे घेतले. दोंडाईच्यापासून सायकलने तासाभरावर असलेले हे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले होते, आणि दोन कोसांवर माळावर नवे गावठाण वसवले होते. काटकोनात आखलेले रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, मधोमध शाळेसाठी सोडलेले मोठे मैदान. मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. झाड नाही, दगड नाही. लोक नव्या गावात कसे राहतात, रस्ते कसे वापरतात, हे आम्हाला नोंदवायचे होते.

मे महिना होता. प्रज्ञाताई आमच्याच घरी उतरल्या होत्या. त्यांना पाणी कोणत्या पेल्यातून दिले गेले आणि तो पेला नंतर कुठे ठेवला गेला, हे मी पाहिले. त्यांनीही पाहिले. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःची पाण्याची बाटली भरून घेऊ लागल्या, एवढेच.

बेलखेड्याच्या ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या पडवीत आम्ही बसत असू. मैदान ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसाची वाट ताई एका रेघेने कागदावर काढत. मी घरे मोजायला जाई. तिसऱ्या दिवशी दुपारी मी परतलो तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "जरा बसून बघ. बोलू नकोस."

भर दुपार. मैदानावर ऊन नुसते थरथरत होते. एक बाई हंडा घेऊन निघाली. मोकळ्या मैदानातून समोर जायचे तर माणूस सरळ जाईल. ती वीसेक पावले सरळ गेली, उजवीकडे वळली, पुन्हा डावीकडे वळली, एका जागी मान किंचित खाली घातली आणि पुढे गेली. मागून सायकल हातात धरून एक माणूस आला. तीच वळणे, त्याच जागी तीच मान खाली. जमिनीवर वाट पडलेली नव्हती. मुरूम सगळीकडे सारखाच कडक होता.

मग पाच-सहा वर्षांची एक मुलगी सायकलची जुनी रिम काडीने पळवत आली. मैदानाच्या मध्याजवळ रिम तिच्या हातून सुटली आणि सरळ पुढे गेली. मुलगी मात्र थांबली नाही की तिच्या मागेही गेली नाही. धावतच एका मोठ्या वर्तुळाला वळसा घालून तिने पलीकडच्या बाजूला रिम पकडली. ही मुलगी नव्या गावात जन्मली होती.

पंचायतीजवळ राहणाऱ्या दगूअक्का आम्हाला चहा आणून देत. तिथे काय आहे, असे ताईंनी त्यांना त्यांच्याच बोलीत विचारले, "अक्का, तठे काय शे?"

"तठे? काहीच नही."

"मंग तुम्ही येताना वळनात काबर?"

का वळलात, या प्रश्नावर अक्कांनी आमच्याकडे नवलाने पाहिले. "मी कोठे वळनू, माय? मी ते सरळ उनू."

शेजारी बसलेले आबा, गावचे जुने सरपंच, म्हणाले, "बठ्ठा लोके सरळच जातस." सगळे सरळच जातात, या त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, हेच मला जास्त खटकले. थोड्या वेळाने आबा उठले, मैदानात उतरले, आणि त्याच जागी वळले.

नऊ दिवसांनी आम्ही धुळ्याला भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन जुन्या गावाचा कापडी नकाशा पाहिला, त्याची ट्रेसिंग काढली आणि घरी आणून आमच्या रेघांच्या कागदाच्या मापाची केली. ताईंनी दोन्ही कागदांची उत्तर दिशा जुळवली आणि एकावर एक ठेवले. नव्या गावातल्या साऱ्या रेघा जुन्या गावाच्या गल्ल्यांत जाऊन बसल्या. जिथे लोक वळत तिथे कुणाच्या तरी भिंतीचा कोपरा होता. जिथे मान खाली घालत तिथे वेस. मुलीने वळसा घातला त्या वर्तुळात बारीक अक्षरात लिहिले होते, 'विहीर'.

मी म्हणालो, "सवय असेल. म्हाताऱ्यांचं बघून पोरं शिकली असतील."

"असेल," ताई म्हणाल्या. मग फाइलमधून एक वेगळा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यावर एकच रेघ होती. ती विहिरीला वळसा घालून गेली होती.

"ही कुणाची?"

"तुझी. पाचव्या दिवशी तू नळावर पाणी प्यायला गेलास, त्या वेळची."

मी सरळ गेलो होतो. मला पक्के आठवत होते. तोवर जुना नकाशा आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

"आणि तुझी?" मी विचारले.

"माझी काढायला कुणी नव्हतं. उद्या मी चालते, तू काढ."

दुसऱ्या दिवशी दुकानात काम निघाल्याचे सांगून मी बेलखेड्याला गेलो नाही. दुकानात काहीच काम नव्हते. मला भीती वाटत होती. ताई एकट्याच सायकल घेऊन गेल्या आणि राहिलेली घरे मोजून आल्या.

हे दोन्ही नकाशे एकत्र दाखवणारे शीट आम्ही प्रकल्पात लावले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते पाहून मार्गदर्शक सर म्हणाले, "हे काढून टाका. भुताखेतांना मार्क नसतात."

ताई म्हणाल्या, "सर, यात भूत कुठेच लिहिलेलं नाही. कोण कुठून चाललं, एवढंच आहे. आम्ही पाहिलंय ते."

"मग ज्याने पाहिलंय त्याने सही ठेवावी," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी ट्रेसिंगच्या कोपऱ्यातले माझे नाव मी ब्लेडने खरवडून काढले. ताई टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ब्लेड जपून. कागद फाटेल."

दुसऱ्या दिवशी त्या शीटपुढे त्या एकट्या उभ्या राहिल्या. मी पहिल्या वर्गात पास झालो. त्यांना तो विषय सहा महिन्यांनी पुन्हा द्यावा लागला. त्यांनी तेच शीट पुन्हा लावले, दुसरे परीक्षक आले होते, आणि त्या सुटल्या. त्यानंतर नगररचनेचे पुढचे शिक्षण घेऊन त्या जळगावला परतल्या. तलावाकाठच्या एका वस्तीत गटाराची आखणी करायची होती, तेव्हा आठवडाभर त्या नळावर बायकांमध्ये बसून राहिल्या आणि मगच त्यांनी कागद उघडला, हे मी लोकांकडून ऐकत असे. भेटण्याचे धाडस मात्र मला होत नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेलखेड्याच्या शाळेचे काम धुळ्याच्या माझ्या ऑफिसकडे आले. मी इमारत मैदानाच्या मधोमध बसवली. विहिरीची जागा विसरलो होतो असे म्हणणार नाही. मोकळे मैदान आहे, तिथे काहीही नाही, असे मी स्वतःला बजावले.

मजूर शिरपूरकडचे आदिवासी होते. त्यांनी बेलखेडे कधी पाहिलेले नव्हते. चौथ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, म्हणून मी गेलो. तो म्हणाला, "साहेब, घमेली घेऊन माणसं वळसे मारतात. सांगितलं तर म्हणतात, आम्ही सरळच चाललोय. आणि हे बघा."

पायाच्या चरासाठी चुन्याच्या फक्कीची रेघ सरळ आखली होती, ती अजून दिसत होती. चर तिच्यावरून निघाला होता, मध्ये आल्यावर हळूहळू बाहेर सरकला होता आणि पुढे पुन्हा रेघेवर आला होता. सात माणसांनी खणलेला चर होता. कुणालाही तो वाकडा वाटला नव्हता. मी दोरी लावून माप घेतले. ते विहिरीच्या वर्तुळाशी जुळले.

त्याच दिवशी दोंडाईच्याहून गाडी पकडून मी जळगावला, मेहरूणच्या घरी गेलो. पाच वर्षांनी दार वाजवत होतो. ताईंच्या आईने पाणी दिले, घरातल्या सगळ्यांच्या पेल्यांतल्याच एका पेल्यातून. मी सगळे सांगितले. शीटबद्दल, नावाबद्दलही बोललो. ताईंनी ऐकून घेतले आणि फक्त विचारले, "उद्या सकाळची गाडी किती वाजता?"

बेलखेड्यात पोहोचल्यावर त्यांनी चपला पडवीत काढल्या, माझ्या हातात कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "मी चालते. या वेळी तू काढ."

जागा कुठे आहे ते त्यांना माहीत होते. त्या ठरवून तिच्याच दिशेने सरळ निघाल्या. मजूर काम थांबवून बघत होते. चराजवळ त्या थांबल्या. एक पाय उचलला, तो तसाच राहिला, मग मागे टेकला. बराच वेळ त्या खाली बघत उभ्या होत्या. मग आल्या वाटेने परत आल्या.

"काय झालं?" मी विचारले.

"पाण्याने भरलेल्या विहिरीच्या काठावर माणूस थांबतो, तशी थांबले. डोळ्यांना मुरूमच दिसत होता." पेन्सिल माझ्या हातातून घेत त्या म्हणाल्या, "शाळा हलव, सुभाष."

दोन दिवस आमच्या ऑफिसात बसून त्यांनी नकाशा नव्याने मांडला. शाळेच्या दोन बाजू वेगळ्या केल्या, मधून लोकांच्या वाटा जाऊ दिल्या, आणि वर्तुळ मोकळे सोडले. मजुरांनी काम वेळेत पुरे केले. चर सरळ निघाले. ड्रॉइंगवर मी दोघांची नावे लिहू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. फक्त खरवडू नकोस." आणि हसल्या. त्या दिवसापासून आजवर त्या विषयाचा एक शब्द त्यांनी काढलेला नाही. माझ्या मुलीला वास्तुकलेची प्रवेशपरीक्षा देण्याआधी महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून त्यांनीच शिकवले. अशा माणसाचे ऋण कसे फेडावे हे मला अजून समजलेले नाही, म्हणून निदान ते इथे सर्वांसमक्ष मान्य करतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे बेलखेड्याला गेलो होतो. दगूअक्का, आबा आता नाहीत. जुने गाव पाहिलेली माणसे मोजकीच उरली आहेत. ताई शाळेच्या ओट्यावर बसल्या आणि मधल्या सुट्टीत धावणाऱ्या मुलांच्या वाटा काढू लागल्या. वर्तुळात एकही मूल गेले नाही. त्याबद्दल आम्हाला आता नवल वाटत नाही. पण घंटा झाल्यावर ताई कागदाकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी फाटकाजवळच्या एका जागेवर बोट ठेवले. तिथून जाताना सगळीच मुले दोन पावले बाजूला सरकली होती.

"हे वळण जुन्या नकाशात नाही," त्या म्हणाल्या.

"मग तिथे काय आहे?"

"माहीत नाही. पूर्वी नव्हतं. येत राहावं लागेल."

ताई महिन्यातून एकदा जळगावहून बेलखेड्याला जाऊ लागल्या आहेत, आणि मी दोंडाईच्याच्या एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला जातो. एसटीच्या पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा हल्ली दुखतो, पण तसे त्या कबूल करणार नाहीत. त्यांचे पाय दुखायचे थांबोत, डोळ्यांची नजर शाबूत राहो, आणि आपल्या सर्वांत त्या पुढची अनेक वर्षे निरोगी, स्वस्थ राहोत, ही या सोबत्याची मनापासून प्रार्थना. त्या फाटकाजवळ काय आहे हे शोधायला एकट्याने जाण्याचे धाडस माझ्यात आजही नाही.