दुसरी सीट

दाविद गेल्याचा फोन रूथवहिनींनी स्वतः केला. "भाऊजी, हे गेले. सकाळीच. गाडी पळवत येऊ नका," एवढंच बोलल्या. त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. दाविद शेवगावात तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचा. निवृत्तीनंतर त्याने विमान चालवण्याचा परवाना काढला आणि घरामागच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. त्यातून जगाला फेरी मारायची होती, वहिनींना शेजारी बसवून. शेड उभी राहिली ती वहिनींच्या वांग्यांच्या वाफ्यावर. "वांगी उपटते, पण मला नेणार असाल तर," अशी त्यांची अट होती, आणि ती त्याने मान्य केली होती.

विमान तयार झालं, तपासण्या झाल्या, जवळच्या धावपट्टीवरून छोट्या उड्डाणांची परवानगीही मिळाली. अडलं ते समुद्रावर. सगळ्यात लांबच्या टप्प्याला पेट्रोल पुरत नव्हतं. मग वजन कमी करणं सुरू झालं. त्याने टूथब्रशचे दांडे कापले, नकाशांच्या कोऱ्या कडा कापल्या, सोबत न्यायच्या चमच्यांवरही करवत चालवली. तरी पुरेना. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने दुसरी सीट काढली आणि तिथे जादा टाकी बसवली. वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या. "म्हंजी माझ्या जागी पेट्रोल हिंडणार व्हय जगभर?" तो टाकीचे नट आवळत राहिला. वहिनींनी सीट उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर बसून भाजी निवडायला लागल्या.

पुढच्या वर्षी त्याचं स्वतःचं वजन उतरू लागलं. सुरुवातीला फोनवर खुशीत सांगायचा, "चार किलो गेले रे. तेवढं पेट्रोल वाढलं." मग डॉक्टरांनी कारण सांगितलं... परवान्याची वैद्यकीय तपासणी जवळ आली होती. तीत आपण नापास होणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा टाकी शेडबाहेर पडली होती. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला.

"रूथ, सीट दे."

"आन् समुद्राचं काय?"

"राहू दे समुद्र. गावावरून एक चक्कर मारू."

"देते. पण संध्याकाळी परत पाहिजे. मला सवय झालीय तिची."

अर्धा तास ते दोघं वर होते. मी धावपट्टीच्या कडेला थांबलो होतो. उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "वाफ्याची जागा लई बारकी दिसते वो वरून. उगंच भांडले." दाविद हसला. संध्याकाळी त्याने सीट परत आणून ठेवली. त्यानंतर विमान उडालं नाही.

परवा गेलो तेव्हा वहिनींनी चहा टाकला. साखरेच्या डब्यात दाविदने कापलेल्या चमच्यांतलाच एक तोकडा चमचा आहे. साखर तळाला गेली, की बोटं आत घालावी लागतात.

"लांब दांड्याचा घ्या ना एखादा," मी म्हणालो.

वहिनी सीटवर बसल्या होत्या. लोंबणारा पट्टा त्यांनी बाजूला सारला.

"नको," त्या म्हणाल्या, "वजन वाढतं."