तेल जातं कुठे?

आमच्या आत्याला बंद डबा सहन होत नाही. कुणाकडेही गेली की आधी ओट्यावरच्या डब्यांची झाकणं उघडून बघते आणि वर "तुमच्या साखरेला ओल आलीय" असं सांगूनही येते. लहानपणी तिने घरातलं घड्याळ उघडलं होतं. ते पुन्हा जोडलं तेव्हा चाललं, पण उलटं, असं माझे वडील सांगतात. वडिलांच्या गोष्टी निम्म्याने घ्यायच्या असतात, हे मी अनुभवाने शिकले आहे.

अशा बाईची गाठ पडली ती आतोबांशी. आतोबा म्हणजे तोंडात गुळणी धरलेला माणूस. दुखलं-खुपलं, आवडलं-नावडलं, काही म्हणून बाहेर पडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते मानत असावेत. पण तेही त्यांनी कधी मोठ्याने म्हटलेलं नाही.

दोघांची मिळून एक बोट, या काठावरची माणसं पलीकडे नेणारी. सकाळच्या फेऱ्या आत्याच्या, दुपारनंतरच्या आतोबांच्या. मी पलीकडच्या दवाखान्यात कामाला आहे, त्यामुळे जाताना कान किटतात आणि येताना झोप लागते.

बोटीचं इंजिन आत असतं, पण पंखा फिरवणारा भाग मागच्या फळीबाहेर, पाण्यात. मेकॅनिक त्याला ड्राइव्ह म्हणतो, आत्या शेपूट म्हणते. चाक फिरवलं की शेपूट वळते आणि बोट वळते. शेपटीच्या पोटात दातेरी चाकं, ती तेलात बुडालेली. तेल बघायचं तर बोटीच्या मागच्या टोकाला पालथं पडून, हात लांबवून, मापाची काडी ओढून काढायची. गेल्या वर्षी त्या पोटात गुपचूप पाणी शिरलं. कळलं तेव्हा चाकांचे दात गेलेले होते. बोट अख्खा हंगाम काठावर पडून राहिली. पुन्हा तसं झालं तर ती विकावी लागेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पोटात काय चाललंय हे बाहेरून कळायची काही सोय नाही का?" आत्याने मेकॅनिकला विचारलं.

"आहे की. नव्या बोटींना असते. इंजिनाशेजारी उंचावर एक पारदर्शक बाटली लावायची, तिच्यापासून शेपटीपर्यंत नळी. बाटलीतलं तेल उतरलं तर कुठेतरी गळतंय. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय."

"म्हणजे आतलं सगळं बाटलीत दिसणार?"

"दिसणार, ताई."

आत्याचा चेहरा असा उजळला, की मला मेकॅनिकची काळजी वाटली. आता त्याची सुटका नव्हती.

सुट्टीच्या दिवशी बोट काठावर ओढली. मेकॅनिक मागच्या फळीला भोक पाडत असताना आत्या इतकी जवळ उभी होती, की भुकटी दोघांच्याही केसांत गेली. नळी जोडली. तेल खालून, शेपटीच्या तळाशी असलेल्या भोकातून पंपाने चढवलं, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. बाटलीत तेल हळूहळू वर आलं तेव्हा आत्या टाळ्या वाजवायचीच बाकी होती. नळी मात्र लांब झाली होती, बाहेर लोंबत होती. आत्याला लोंबणारं काही चालत नाही.

"ताई, थोडी ढील ठेवा," मेकॅनिक म्हणाला.

आत्याने थोडी ठेवू दिली. फारच थोडी. मग काळ्या पेनाने बाटलीवर तेलाच्या पातळीची रेघ मारली.

पहिल्याच दिवशी तेल रेघेखाली गेलं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, अडकलेली हवा निघतेय, भर घाला. घातली. पण पुढेही रोज सकाळी, इंजिन गार असताना बघावं, तर तेल आदल्या दिवसापेक्षा कमीच.

"तेल जातं कुठे?" हा प्रश्न तिने मला विचारला, मेकॅनिकला विचारला, धक्क्यावरच्या तिकीटवाल्यालाही विचारला.

"काका पीत असतील," तिकीटवाला म्हणाला.

मेकॅनिकने सगळे जोड तपासले. ते कोरडे होते. मग आत्याने स्वतःच डोकं चालवलं. एक दिवस सगळ्या फेऱ्या तिने मारल्या, तर तेल रेघेवरच. दुसऱ्या दिवशी सगळ्या आतोबांना दिल्या, तर तेल बोटभर उतरलं.

"अहो, तुम्ही बोटीला करता तरी काय?"

"काही नाही," आतोबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी परतायला बोटीत बसले, तर आत्याही आत. इंजिनाचं झाकण उघडून, बाटलीसमोर उकिडवी बसलेली, डोळ्यांत तेल घालून. आतोबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पाणी ओलांडून झालं, तेलाला काही झालं नाही. मग आपल्या बाजूचा धक्का जवळ आला. तो उजव्या हाताला लागतो, सरळ येऊन बोट लावायची. पण आतोबांनी नेहमीसारखं चाक डावीकडे पार टोकापर्यंत फिरवलं आणि अर्धा फेरा घेऊन बोटीचं तोंड उलटं केलं, म्हणजे डावी बाजू धक्क्याला लागावी. आम्हा संध्याकाळच्या प्रवाशांना हा फेरा सवयीचा होता. आम्हाला तो त्यांचा रुबाब वाटायचा. सकाळवाल्या आत्याने तो कधी पाहिलाच नव्हता.

बाटलीतलं तेल उतरताना दिसलं तशी ती मागे धावली आणि फळीवर पालथी झाली. "सापडलं!" ती अशी ओरडली, की एका आजोबांची टोपी पडली. शेपूट टोकापर्यंत वळली की आखूड नळी ताणायची, जोड किंचित उघडायचा आणि तेलाची बारीक धार पाण्यात जायची. शेपूट सरळ झाली की जोड पुन्हा घट्ट.

माणसं उतरली. आत्या खुशीत होती. एक कोडं सुटलं, की तिला लगेच दुसरं लागतं.

"पण एवढा फेरा कशाला मारता?"

"सवय."

"कधीपासूनची? मला बोट तुम्हीच शिकवलीत. उजवी बाजू लावायलाच शिकवलीत."

आतोबा दोर बांधत राहिले. आत्या इतका वेळ बाटलीकडे बघत होती, तशी आता त्यांच्याकडे बघू लागली. थर्मासमधून तिने चहा ओतला आणि कप त्यांच्या उजवीकडून पुढे केला. आतोबा समोर पाण्याकडे बघत उभे. कप तसाच हवेत. मग ती मागून वळसा घालून डावीकडे गेली. आतोबांनी लगेच कप घेतला.

आत्याने थर्मास खाली ठेवला. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"उजव्या डोळ्याने कधीपासून दिसत नाही?"

आतोबांनी आधी चहा संपवला. "वर्ष झालं असेल."

"आणि मला बोलला नाहीत?"

"चाक काढून घेतलं असतंस."

"घेतलंच असतं! माणसं असतात हो बोटीत. तुम्ही असता!" आणि तिकीटवाल्यादेखत, भर धक्क्यावर ती रडली.

"म्हणून तर फेरा मारत होतो," आतोबा हळूच म्हणाले. "डावीकडून धक्का नीट दिसतो."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि काय दिसतंय ते विचारलं. आत्या तोंड उघडणार, एवढ्यात आतोबा स्वतःहून म्हणाले, "काहीच नाही."

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाल्या, "हा न बोलता येतो. उजवी नजर आता परत यायची नाही. डाव्याला नुकती सुरुवात आहे. थेंब न चुकता घातले तर ती टिकेल. अजून उशीर केला असता, तर मी हे सांगू शकले नसते." "यंत्रातून आतलं मलाही दाखवता का?" असं आत्याने त्यांना विचारलं. दोनदा विचारलं. त्यांनी दाखवलं नाही.

आता सगळ्या फेऱ्या आत्या मारते. मेकॅनिकने लांब नळी बसवली. ती खुशाल लोंबते, तिला कुणी काही म्हणत नाही. चाक सुटलं त्याचं आतोबांना वाईट वाटतं, आणि नवल म्हणजे ते तसं बोलूनही दाखवतात. इंजिनाशेजारी बाटलीजवळ बसतात आणि फेरी संपली की रेघ बघून "तेवढंच आहे" म्हणून सांगतात.

संध्याकाळी बोट बांधली की आत्या आतोबांच्या डोळ्यांत थेंब घालते. मग त्यांचा उजवा डोळा हाताने झाकते. त्याने तसंही काही दिसत नाही, पण ती झाकतेच.

"सांगा, काय काय दिसतंय?"

"पाणी," आतोबा सांगतात. "तिकीटवाला. त्याची सायकल. पलीकडचे दिवे."

"आणि?"

"तू. कपाळाला तेल लागलंय."