पिठाच्या डब्यातले फोन

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लोक विचारायचे, "त्या कॉम्प्युटरच्या मॅडम कुठं गेल्या हो?" मी म्हणायचो, "बदली झाली." तासिका तत्त्वावरच्या बाईंची बदली होत नसते, हे माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला ठाऊक नव्हतं असं समजू नका.

मॅडम बोटानं माईकवर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "इंटरनेटवर टाकायचंय ना? मग आधी इथं मोठ्यानं वाच." शाळेत इंटरनेट आलं तेव्हा त्यांनी हा एकच नियम केला. परिपाठाचा आमचा भोंगा गावभर ऐकू जायचा.

पोरांची रांग लागायची. एकानं वाचलं, "गण्या गाढव हाय." गण्या त्याच्या मागंच उभा.

"टाकू का मॅडम?"

"गण्याला विचार."

"न्हाई," गण्या म्हणाला. विषय संपला.

एका पोरीला 'शुभ सकाळ' पाठवायचं होतं. "मॅडम, चित्र कसं वाचू?"

"सांग ना काय काय दिसतंय ते."

"गुलाब हाय. लई लाल हाय. बाजूला दोन कबुतरं हायती, एकाचं तोंड तिकडं हाय." खुरपणीच्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. तुम्हीही अशा शिक्षिका पाहिल्या असतील. आम्ही त्यांना हसायचो आणि आमची पोरं सुधारायची.

एका सकाळी माझ्या साडूचा निरोप आला: आज दुपारी आकाशातून घातक किरणं येणार, मोबाईल पिठाच्या डब्यात पुरून ठेवा. मी मॅडमकडून शाळेचा फोन मागून घेतला आणि तो मजकूर पालकांच्या ग्रुपवर टाकला. मोठ्यानं वाचायचं मनातही आलं नाही. नियम पोरांसाठी होता.

शाळेकडून आलं म्हटल्यावर गावानं ऐकलं. दुपारभर घराघरांत पिठाचे डबे वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सरपंच आले, मिशीला पीठ लागलेलं. "कुणी पाठवलं हे? फोन कानाला लावला की आवाजाआधी ज्वारी येतीय."

शाळेचा फोन मॅडमच्या ताब्यात असायचा, म्हणून सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"सर सांगतील," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "चौकशी करू."

शाळा समितीनं त्यांचे तास बंद केले. पत्रावर सही माझी होती.

सोमवारी परिपाठाला नववीतली एक पोरगी माईकपाशी आली. "टाकायच्या आधी वाचते, सर. आमच्या मॅडमला का म्हणून काढलं?" मी भोंग्याची वायर ओढली.

गेल्या महिन्यात चौसाळ्याला त्यांच्या घरी गेलो. त्या आता शिकवण्या घेतात. पाणी दिलं, चहा ठेवला.

"एवढ्या उन्हाचं आलात, सर? काही काम होतं का?"

एसटीत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. "न्हाई," मी म्हणालो, "बाजाराला आलतो."

"आज बाजार नसतो, सर," त्या म्हणाल्या आणि समोर येऊन बसल्या.

मी चहा बशीत ओतला आणि फुंकत राहिलो.