भुंगा चाचांची गिटार

भुंगा चाचा माणसांशी कधी भांडले नाहीत. त्यांची सगळी भांडणं यंत्रांशी, आणि तीही अदबीनं. वडशातल्या त्यांच्या दुकानात शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्तीला यायच्या. एखादी हट्टाला पेटली की चाचा तिच्यापुढे उकिडवे बसून विचारायचे, "काऊन साहेब, का बिघडलं तुमचं?" गिऱ्हाईक हसायचं आणि मोटार बहुधा चालू व्हायची.

दिवाळी झाली की दुकान भावाच्या हवाली करून चाचा आमच्या नाटक कंपनीत गिटारवर बसायचे. त्या कंपनीत मी आईच्या भूमिका करायची. वय तिशीचं, पण रडायला चांगलं यायचं, म्हणून केसांना पांढरा रंग फासून मला वेळेआधीच म्हातारी करून टाकलं होतं. 'भुंगा' हे नाव चाचांना त्यांच्या वाजवण्यामुळे पडलं. गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प यांच्या मध्ये ते एक लहानशी लोखंडी डबी जोडायचे. तिच्यातून निघणारा सूर जाडसर, फाटका, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखा घुमायचा. शहरातले वादक त्याला फझ म्हणतात. आमच्याकडे तो भुंगाच.

नुसतं घुमवणं काही मोठं नव्हतं. चाचांची करंगळी कायम गिटारवरच्या आवाजाच्या बटणावर असायची. आमच्या नाटकात मुलगा घर सोडून जातो तेव्हा आईचा एक लांब संवाद होता. मी आवाज खाली आणला की ती करंगळी किंचित वळायची, आणि भुंगा विरळ होत होत नुसती स्वच्छ तार उरायची. मी हंबरडा फोडला की तोच सूर अंगावर धावून यायचा. "ओरडाले कोणाले बी येते बेटा," ते म्हणायचे, "उतरता आलं पाह्यजे." खरं सांगते, तो सूर उतरला की मला रडू आपोआप यायचं. टाळ्या मात्र मी एकटीनं घेतल्या.

एका गावी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, प्रयोगाला जनरेटर भडकला, आणि जुना अ‍ॅम्प न् डबी दोन्ही जळून गेले. कंपनीच्या मालकांनी नागपूरहून नवा डिजिटल अ‍ॅम्प आणला. त्या एका खोक्यात म्हणे कितीतरी अ‍ॅम्पचे आवाज भरलेले होते, फझसुद्धा. आम्ही नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. चाचांनी पहिल्यांदा तार छेडली तेव्हा सगळे दचकलो, इतका भारदस्त आवाज. तालमीत मात्र पंचाईत झाली. मी हळू झाले, चाचांनी बटण वळवलं, तरी आवाज होता तेवढाच राहिला आणि मग नळ बंद करावा तसा एकदम तुटला. मी पुढचं वाक्यच विसरले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "साहेब," चाचा अ‍ॅम्पला म्हणाले, "बाई हळू बोलून राह्यली, तुम्ही काऊन ओरडून राह्यले? अन् मंग एकदम मुके काऊन होता?"

मालक वाईट नव्हते, पण हंगाम ऐन भरात होता. "चाचा, जमत नसन तं सांगा," ते म्हणाले. "आपला सिंथवाला त्याच्या कीबोर्डातच गिटारचा आवाज काढते. अहेरीच्या प्रयोगाले पाहू. तिथी बी नाई जमलं, तं तुमची खुर्ची ठेवता येणार नाई मले." चाचा नुसतं "बरं" म्हणाले. मोटारींवर त्यांचं पोट चाललं असतं, पण खुर्चीवाचून त्या माणसानं हिवाळा कसा काढला असता, देव जाणे. आणि मी तरी तो संवाद कोणाच्या भरवशावर म्हटला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दुकानामागच्या अंगणात बोलावलं. अ‍ॅम्प स्टुलावर मांडलेला होता.

"रड," चाचा म्हणाले.

"सकाळी सकाळी?"

"मशीनले शिकवाचं आहे. तू रडल्याबिगर मले कसं समजन?"

मी रडले. त्यांनी आवाजाला चिकटवलेले घुमारे काढून टाकले. मी पुन्हा रडले. तेवढ्यात शेजारच्या बाया डोक्यावर पदर ओढत धावत आल्या. एकीनं तर चाचीच्या गळ्यात पडून सूर लावला. कोण गेलं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. चाचीनं सगळ्यांसाठी चहा टाकला. चाचा म्हणाले, "बसा बसा, आणखी रडाचं आहे."

हळूहळू रोग सापडला. खरखर अडवायला त्या अ‍ॅम्पमध्ये एक सोय होती. सूर बारीक झाला की ती त्यालाही खरखर समजून दार लावून घ्यायची. "याच्यात चौकीदार बसवला आहे," चाचा म्हणाले, "हळू आलेल्याले आत घेत नाई." त्यांनी चौकीदाराला रजा दिली. मग फझ सगळ्यांच्या आधी, थेट गिटारला लागून घेतला, त्याचा जोर अर्ध्याच्याही खाली आणला, आणि त्याच्यापुढे खोक्यातला सगळ्यात साधा, स्वच्छ अ‍ॅम्प लावला. भारदस्तपणा गेला. पण करंगळी वळली तशी आमची तार पुन्हा उरली. मागे थोडी सुरसुर राहिली होती, ती मी त्यांना दाखवली. "राहू दे," ते म्हणाले, "तू बी तं बोलता बोलता श्वास घेते."

अहेरीला मी मुद्दाम खोडी केली. त्या संवादाचं शेवटचं वाक्य तालमीत मोठ्यानं असायचं, ते मी कुजबुजत म्हटलं. सूर माझ्याबरोबर उतरला, माझ्याही खाली गेला, आणि एवढ्या गर्दीत कोणी खोकलंसुद्धा नाही. मालक विंगेत उभे होते. परतताना अ‍ॅम्प त्यांनी स्वतःच्या हातांनी टेम्पोत चढवला, आणि खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही. ती कुजबुज मग नाटकात कायमची झाली.

बऱ्याच हंगामांनंतर संवादाच्या त्याच जागी सूर चुकायला लागला. मी खाली यायची तरी तो वरच राहायचा, मग घाईघाईनं उतरायचा. बोटं धड होती. चाचांना कानांनी कमी ऐकू यायला लागलं होतं. मी कोणाला बोलले नाही. शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं म्हणायला लागले, मग आणखी मोठ्यानं. प्रसंग पडायला लागला, पण चाचा खुर्चीवर होते आणि मला तेवढं पुरे होतं.

नागभीडच्या प्रयोगानंतर गिटार खोळीत घालता घालता ते म्हणाले, "बेटा, तू माझ्यासाठी मोठ्यानं बोलून राह्यली."

"नाई चाचा."

"नाई कशी? मले ऐकू यावं म्हणून तू त्या मायले ओरडाले लावून राह्यली. पोरगं जाताना माय अशी ओरडत नाई."

अर्धा हंगाम बाकी होता. मालकांनी हात जोडले, मी भांडले, पण चाचांनी ऐकलं नाही. जी खुर्ची कोणाला काढून घेता आली नव्हती, ती त्यांनी आपणहून सोडली आणि सकाळच्या गाडीनं वडशाला गेले.

पुढच्या प्रयोगाला गिटारच्या जागी सिंथवाला वाजवत होता. बरा वाजवायचा तो. मी शेवटचं वाक्य पुन्हा कुजबुजत म्हणायला घेतलं, चाचांना हवं होतं तसं, पण ते पुरं झालंच नाही. लोक म्हणाले, आज बाई खऱ्याच रडल्या.