तांदळातलं नाव आणि वॉशिंग्टनचं लायसन्स

२००६ च्या जानेवारीत माझी मिशिगनमधल्या ट्रॉयहून वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला बदली झाली. बायको फिजिशियन असिस्टंट. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासते, औषधं लिहून देते. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, लायसन्स ट्रान्सफर करायचंय. तसं काही नसतं. मिशिगनचं लायसन्स मिशिगनात राहतं; वॉशिंग्टनात नव्याने अर्ज करावा लागतो. रेडमंडच्या एका क्लिनिकने तिची जागा मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. तोवर लायसन्स नाही आलं, तर दुसऱ्या कुणाला घेणार होते.

फॉर्म मी भरला, कारण घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. चौथ्या पानावर प्रश्न होता: आपण आजवर आणखी कोणत्या नावांनी ओळखल्या गेलात?

"लग्नाआधीचं नाव लिही आणि पुढे जा," ती म्हणाली.

"आजवर म्हटलंय. आणि खाली शपथेवर सही आहे."

मी मोजली. लग्नाआधीचं एक. पत्रिकेतलं दोन. लग्नात मी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं, ते तीन. ते त्यानंतर कुणी वापरलं नाही, मीसुद्धा नाही. माहेरचं चार, ती एक भाजी आहे. आजोळचं पाच. ट्रॉयच्या हॉस्पिटलात सगळ्यांनी एका अक्षरावर आणलेलं सहा. फॉर्मवर तीनच ओळी होत्या, म्हणून पुरवणी जोडली. नावं इथे देत नाही. एकदा लिहून अद्दल घडली आहे.

तिने न वाचता सही केली. पहिल्या सोमवारला अकरा दिवस उरले असताना लायसन्स बोर्डाचं पत्र आलं. सहाही नावांचे अधिकृत पुरावे पाठवा, आणि त्या त्या नावाने कुठे प्रॅक्टिस केली ते कळवा.

मुलीने ते मोठ्याने वाचलं. "आई, यू हॅव एलियसेस! लाइक अ बँक रॉबर!"

"बाबांना विचार," बायको म्हणाली. "अरे, तू माझ्या भाजीला प्रॅक्टिस करायला लावलीस?"

मी बोर्डाला फोन केला. पलीकडच्या बाई सभ्य होत्या.

"नंबर तीन. हे नाव किती काळ वापरात होतं?"

"साधारण दीड मिनिट."

"कागदपत्र?"

"तांदळावर लिहिलं होतं, मॅडम."

"त्याची कॉपी आहे?"

मी खरं ते सांगितलं. अल्बममध्ये फोटो आहे, पण ताटावर भटजींचा हात आला आहे. मग त्या म्हणाल्या, इतकं नको. ही सगळी नावं एकाच बाईची आहेत, असं तिला जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाने नोटरीपुढे लिहून द्यावं. एक पान पुरे.

असं माणूस या देशात एकच होतं: बायकोची आत्या, सांता क्लाराला मुलाकडे राहणारी. मी मजकूर टाइप करून ईमेल केला आणि संध्याकाळी फोन लावला.

"जावईबापू, सही करते हो," आत्या म्हणाल्या. "पण यात एक कमी आहे."

"कोणतं?"

"बारशाला मी कानात सांगितलं ते. वहिनीने नंतर दुसरंच ठेवलं. मी काही बोलले नाही. पण मी सांगितलं ते सांगितलं."

बायको स्पीकरवर ऐकत होती. "आत्या, मला स्वतःला माहीत नाही ते!"

"तुला कसं आठवेल? बारा दिवसांची होतीस. झोपली होतीस मेली."

"मग आताही नका सांगू. अगदी नका सांगू!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेन उचललं होतं, हे कबूल करतो. एक नाव गाळून शपथ घ्यायची कशी? सातवं लिहिलं तर पुरवणी दुरुस्त होणार, पुन्हा पत्र येणार, आणि दहाच दिवस उरले होते. मी फॉर्म काढून प्रश्न पुन्हा वाचला. 'ओळखल्या गेलात' असं होतं. त्या नावाने तिला कुणीच ओळखलं नव्हतं. ऐकणारी एकटी होती आणि ती झोपली होती. हे मला पटलं. खरोखर पटलं.

"आत्या, सहाच ठेवा," मी म्हणालो.

"तुमची मर्जी. पण माझं जास्त चांगलं होतं."

त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी त्यांना नोटरीकडे ड्राइव्ह करून नेलं आणि पान कुरिअर केलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी बोर्डाच्या वेबसाइटवर बायकोचं लायसन्स दिसलं. शुक्रवारी मी आणखी चार वेळा पाहिलं.

सोमवारी पाऊस होता. ती सव्वासातला गाडी काढून गेली. अकरा वाजता मी ऑफिसातून क्लिनिकला फोन केला आणि तिच्याशी बोलता येईल का, विचारलं. रिसेप्शनिस्ट म्हणाली, त्या आत्ता पेशंटबरोबर आहेत, काही निरोप आहे का?

नाही म्हटलं आणि फोन ठेवला.