घंगाळातलं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सरळ जमेल असं वाटत नाही — थोडा आडवळणानंच येईन.

बारा वर्षं झाली असतील. चौलच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा मालतीबाई नव्या आल्या. एका वर्षाच्या बोलीवर. नवरा वारलेला, पाच वर्षांची मुलगी उरणला भावाकडे ठेवलेली. कायम झाल्या की मुलीला आणणार होत्या. एवढंच त्यांचं मागणं — आणि ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मलाही.

श्रावणात तपासणी होती. बाईंनी भाताच्या खाचरातून बेडूकमासे आणले आणि वर्गात पितळी घंगाळात वाढवायला घेतले. आम्ही हसायचो. "काय बाई, बारसं कधी?" मी विचारायचो. "तुम्हीच या की आत्याबाई होऊन," त्या म्हणायच्या.

काय जपायच्या! माठाची भाजी उकडून चिमूटभर घालायची, उरलेली संध्याकाळी काढून टाकायची. मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपटी आखडायला लागली की पिल्लाला बाहेरची हवा लागते, नाहीतर ते पाण्यातच गुदमरतं — म्हणून घंगाळात फुटकं कौल तिरपं टेकवलेलं. वर चढलेल्यांसाठी निराळी टोपली: आत नारळाचं ओलं सोडण, कुजकं केळं, तोंडाला पातळ फडकं. केळ्यावर चिलटं जमायची, नखाएवढी पिल्लं ती टिपायची. मुलं मधल्या सुट्टीत खेळायचं सोडून तिथे बसायची. माझ्या वर्गातलीही. — टोचत होतं का मला? होतं.

तपासणीला चार दिवस उरले असताना मुलगी तापानं फणफणल्याचा निरोप आला. पावसात लाँच बंद, पेणवरून एस.टी.नं जायचं, दोन दिवस मोडणार. बाईंनी सगळं माझ्यावर सोपवलं. "पाणी तेवढं देवळाच्या विहिरीचं घाला हं, मास्तर. शाळेमागचं नको." शाळेमागची विहीर खाडीला लागून. नुकतीच उधाणात बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं होतं.

देवळाची विहीर चिखलातून दहा मिनिटं. शाळेमागची वीस पावलं.

मी वीस पावलं गेलो.

जाणूनबुजून? नाही — असं मी बारा वर्षं स्वतःला सांगतोय. पण थेंबभर जिभेवर ठेवून बघायला काय लागत होतं? आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा बघतं. मी बघितलं नाही. मचूळ लागलं असतं, तर परत जावं लागलं असतं ना! तेच पाणी घंगाळात ओतलं, तेच टोपलीत शिंपडलं.

सकाळी सगळी उताणी. एकाचे पुढचे पाय कौलाच्या कडेला टेकलेले होते.

आणि मग मी काय केलं? पाणी ओतून दिलं. घंगाळ चिंचेनं लख्ख घासलं आणि पालथं घातलं — कुणी चाखून बघू नये म्हणून.

बाई आल्या. मोठ्या गुरुजींसमोरच त्यांनी विचारलं, पाणी कुठलं घातलंत? मी म्हणालो, "देवळाच्या विहिरीचं. भाजी सडली असेल, बाई." त्या पालथ्या घंगाळाकडे बघत राहिल्या. मग गुरुजींना म्हणाल्या, "जाताना घाईत माझ्याच हातून जास्त पडली असेल."

तपासणीच्या साहेबांना बेडूक दाखवायचं गुरुजींनी कबूल केलेलं होतं. रिकामी टोपली बघून साहेब हसले. गुरुजी हसले नाहीत. बाईंच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा पडला. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता?

वर्ष संपलं, बाई कायम झाल्या नाहीत. त्यांची ट्रंक एस.टी.वर मीच चढवली. खिडकीतून म्हणाल्या, "पुढच्या पावसात मुलांना तुम्ही दाखवा हं, मास्तर. कौल तेवढं ठेवा आठवणीनं."

मी दाखवले नाहीत.

त्या उरणलाच आहेत, असं कळतं. पत्ता माझ्याकडे आहे. पाणी शाळेमागच्या विहिरीचं होतं — एवढं एक वाक्य मी मालतीबाईंचं देणं लागतो.